फॉरमॅट मारू की लॉग वाचू?

ऐरोलीच्या भाचीचा लिनक्सवाला लॅपटॉप मधेच गोठतो. तिचा प्रश्न: मामा, सरळ फॉरमॅट मारू की लॉग (सिस्टीमने ठेवलेल्या नोंदी) वाचून कारण शोधत बसू?

वेळेत फॉरमॅट जिंकतो. पेनड्राइव्ह लावला, तासाभरात मोकळे. (बॅकअपचा वेळ कोणी धरतच नाही!) खर्च दोन्हीकडे शून्य. खरा फरक टिकण्यात. तिच्या 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड) डिस्कच्या 'आय/ओ एरर'ची, म्हणजे वाचता-लिहिता न येण्याच्या चुकांची, रांग होती, डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'मध्ये रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) वाढलेले. अशा डिस्कवर नवी सिस्टीम म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर मात्र आधी ग्रबमधून (लॅपटॉप सुरू होताना येणारा मेनू) जुना कर्नल निवडून बघावा, दोन मिनिटांचं काम.

हार्डवेअरची शंका असेल तर लॉगच वाचा. स्वतःच सेटिंग्ज उसवून ठेवल्यात आणि बॅकअप हाताशी आहे? मग खुशाल फॉरमॅट.