शेड्युलरची आकडेवारी: कायम काय चालू ठेवावं, गरजेपुरतं काय?

सीपीयू साठ टक्क्यांवर आहे, तरी विनंत्या अडकतायत. अशा वेळी आधी कळायला हवं ते हे, की थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) खरंच काम करतोय की सीपीयूसाठी रांगेत उभा आहे. सीपीयू कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा लिनक्सचा शेड्युलर हे सांगतो, पण फुकट नाही. टास्क (शेड्युलरच्या भाषेत प्रत्येक थ्रेड) झोपली, उठली, रांगेत शिरली की दरवेळी नोंद करायची, आणि हे सेकंदाला हजारो वेळा.

सर्वांत तपशीलवार आहे ते शेडस्टॅट्स. कोणती टास्क किती थांबली, किती झोपली, डिस्कसाठी किती अडकली, सगळं त्यात मिळतं. 2016 पर्यंत हा पर्याय कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) घातलेला असला, की आकडे कोणी बघो न बघो, खर्च व्हायचाच. कर्नल डेव्हलपर मेल गॉर्मन यांच्या बदलाने कर्नलच्या 4.6 आवृत्तीपासून तो मुळात बंद असतो आणि चालत्या मशीनवर सुरू करता येतो. यामागची युक्ती मला फार आवडते. बंद असताना नोंदीच्या जागी काहीच न करणारी सूचना असते. चालू केलं, की कर्नल आपल्याच कोडमध्ये तिथे नोंदीच्या कोडकडे नेणारी उडी लिहितो. त्यामुळे बंद स्थितीतला खर्च जवळपास शून्य. मात्र धावता कोड बदलणं स्वस्त नाही, म्हणून दर मिनिटाला चालू-बंद करणारी स्क्रिप्ट लावू नका.

बऱ्याचदा शेडस्टॅट्सची गरजही नसते. प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधली (/proc) जवळपास त्याच नावाची 'शेडस्टॅट' (schedstat) फाइल शेडस्टॅट्स बंद असतानाही चालते. तिच्यात तीनच आकडे: सीपीयूवर गेलेला वेळ, रांगेतला वेळ (दोन्ही नॅनोसेकंदांत) आणि सीपीयू किती वेळा मिळाला. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. मधला आकडा 4,00,00,00,000 ने वाढला असेल, तर दहापैकी चार सेकंद रांगेतच गेले. एक खाचखळगा: ही फाइल फक्त मुख्य थ्रेडची असते. एका जावा सेवेत मी अर्धी दुपार तिच्याकडेच बघत बसलो होतो आणि आकडा हलत नव्हता; खरी गर्दी 'टास्क' फोल्डरमधल्या बाकीच्या थ्रेडमध्ये होती.

पूर्ण मशीनवर कायमची नजर ठेवायची तर पीएसआय (PSI, संसाधनांवरचा ताण मोजणारी सोय) घ्या. 4.20 आवृत्तीपासून ते कर्नलमध्ये आहे. सीपीयूच्या 'सम' (some) ओळीत निदान एक तरी टास्क ताटकळत होती अशा वेळेची टक्केवारी मिळते, 10, 60 आणि 300 सेकंदांची सरासरी धरून. कोण ताटकळलं ते मात्र कळत नाही. अलर्टसाठी माझी पसंती यालाच. लिनक्सच्या काही डिस्ट्रोंमध्ये (वितरणांमध्ये) ते बंद असतं; बूटच्या ओळीत 'psi=1' लिहावं लागतं.

सरासरीत लपलेला एखादा लांबलचक खोळंबा शोधायचा असेल, तर ईबीपीएफवरचं (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) रनक्यूलॅट हे टूल. टास्क उठली की आणि सीपीयूवरची टास्क बदलली की त्याचा छोटा प्रोग्राम चालतो, म्हणून गर्दीच्या सर्व्हरवर भार जाणवू शकतो; पण गोळाबेरीज कर्नलमध्येच होते आणि बाहेर येतो तो फक्त आलेख. पर्फ शेड (लिनक्सच्या 'पर्फ' टूलमधली शेड्युलरसाठीची कमांड) याउलट प्रत्येक घटना फाइलमध्ये लिहितं. कोणी कोणाची जागा अडवली हे त्यातच सर्वांत स्पष्ट दिसतं, पण व्यस्त मशीनवर फाइल बघता बघता फुगते. पाच-दहा सेकंदांपलीकडे ते चालवू नका.

नवा सर्व्हर उभारताय तर पीएसआय आणि ती तीन आकड्यांची फाइल पुरेशी आहे. शेडस्टॅट्स बंदच राहू द्या. झोप आणि डिस्कचा हिशेब लागेल त्या दिवशी चालू करा आणि तपास संपला की त्याच टर्मिनलवरून परत बंद करा.