रविवारचा कोर्स की मधुमेहतज्ज्ञाच्या ओपीडीत बसणं?

"सर, डायबेटिसचं नीट शिकायचंय, पण आता एमडी जमणार नाही. काय करू?" असं विचारणारे तरुण फॅमिली डॉक्टर हल्ली वरचेवर भेटतात. प्रश्न अगदी योग्य आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर गेला. एवढे पेशंट मोजक्या तज्ज्ञांना झेपणारे नाहीत. ते आपल्याच दवाखान्यात येणार.

वाटा मुख्यतः दोन. महिन्यातून एका रविवारी भरणारा, वर्षभर चालणारा सर्टिफिकेट कोर्स ही पहिली. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांची अकादमी यांनी २०१०मध्ये असा कोर्स काढला आणि तो देशभर पोचवला. मी केला तो दुसऱ्या एका संस्थेचा. दुसरी वाट म्हणजे एखाद्या जाणत्या मधुमेहतज्ज्ञाच्या ओपीडीत काही आठवडे रोज जाऊन बसणं. मी दोन्ही केलंय. पाटीवर नवी पदवी मात्र दोन्हींपैकी कशानेच लागत नाही.

रविवारच्या कोर्सची बाजू भक्कम आहे. दवाखाना बंद ठेवावा लागत नाही, घरचेही कुरकुरत नाहीत आणि विस्कळीत माहितीला क्रम येतो. कोणती गोळी कुणाला आणि का, किडनीचा रिपोर्ट बिघडला की काय थांबवायचं, पेशंटला लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, प्रत्यक्षाहून जास्त का दिसतं, हे मला तिथे पक्कं समजलं. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा २००४मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला फोटोही तिथेच पाहिला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. "अहो, मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" असं म्हणणाऱ्या पेशंटशी तेव्हापासून मला जास्त नीट बोलता येतं.

मग खटकलं काय? तिथे आपल्या हाताखाली पेशंट नव्हता. स्लाइड होती, केस स्टडी होती, शेवटी चार पर्यायांचे प्रश्न होते. इन्सुलिन टोचून टोचून त्वचेखाली होणाऱ्या गाठींवरही एक स्लाइड होती, फोटोसकट. प्रश्न आला, उत्तर बरोबर आलं, पुढचा विषय सुरू.

ओपीडीत बसायला लागल्यावर एक मावशी आल्या. बरीच वर्षं इन्सुलिनवर, शुगर आज ३०० तर उद्या ६०. गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाला. तिथल्या एज्युकेटर, म्हणजे पेशंटला मधुमेह सांभाळायला शिकवणाऱ्या, सिस्टरनी त्यांना पलंगावर झोपवलं आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, नुसतं बघू नका. हात फिरवा." पोटावर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. बेंबीच्या उजवीकडे बोटांना मात्र लिंबाएवढा रबरासारखा भाग लागला. मावशी म्हणाल्या, "तिथं टोचलं की दुखत नाही ना, म्हणून तिथंच घेते." अशा जागेतून इन्सुलिन रक्तात कधी उशिरा उतरतं, कधी एकदम. सिस्टरनी जागा बदलून दिली, रोज कुठे टोचायचं ते पोटावर पेनाने आखून दाखवलं. चांगल्या जागेतून इन्सुलिन पुरतं शोषलं जातं, म्हणून तिथल्या मधुमेहतज्ज्ञ सरांनी डोस आधी कमी केला. त्या बोटांच्या स्पर्शाने माझा कौल ठरला.

सिरिंजचंही तसंच. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिला लाल टोपीची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने १००ची, केशरी टोपीची दिली, तर २०च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात जातात ८ युनिट. हे गणित कागदावर कुणालाही सुटतं. पण पेशंटला पिशवीतून स्वतःची सिरिंज काढायला लावायची आणि आपल्यासमोर भरून दाखवायला सांगायचं, ही सवय मला ओपीडीतच लागली. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन शुगर चढवणारे आणि निर्जळी धरूनही ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेणारे, दोघांशी न रागावता कसं बोलायचं, तेही तिथेच कानावर पडलं. पायाची संवेदना तपासायची बारीक तार, म्हणजे मोनोफिलामेंट, लावताना पेशंटला डोळे मिटायला सांगायचे आणि तार वाकेल एवढंच दाबायचं, हेही कुणीतरी हात धरून दाखवल्याशिवाय अंगी मुरत नाही.

ओपीडीत बसण्याचे तोटेही आहेत. दवाखाना बंद राहतो किंवा लोकम, म्हणजे बदली डॉक्टर, शोधावा लागतो, आणि छोट्या गावात तो सहजी मिळत नाही. मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये अंगावर लावायचे शुगरचे सेन्सर, इन्सुलिनची महागडी पेनं आणि नवी इंजेक्शनं जास्त दिसतात. आपल्या पेशंटला त्यातलं किती परवडेल, हा प्रश्न उरतोच. शिवाय सगळं शिकवणाऱ्यावर अवलंबून. काही ठिकाणी खुर्चीमागे उभं राहण्यापलीकडे काही होत नाही, असंही ऐकलंय. माझं नशीब चांगलं होतं, एवढं मान्य करायला हवं.

म्हणून ज्याचा दवाखाना एकट्याच्या जिवावर चालतो, त्याने रविवारचा कोर्स जरूर करावा. त्यात वर्ष वाया जाणार नाही. पण कसेबसे दोन-तीन आठवडे काढता येत असतील, तर मी आधी ओपीडीत बसा म्हणेन आणि कोर्स नंतर. जागा ठरवताना फीच्या आधी एक विचारा: एज्युकेटरच्या खोलीत बसू देणार का, आणि पेशंटला हात लावू देणार का? हो म्हणाले, तर आपल्या दवाखान्यातल्या सिस्टरलाही दोन दिवस सोबत न्या. परत आल्यावर इंजेक्शन शिकवायचं काम बहुतेक वेळा त्याच करणार आहेत.