डॉइचलांडटिकेट : शनिवारी सकाळी ठरवायचं आणि निघायचं

आम्ही नवरा-बायको म्युनिकला राहतो आणि शनिवार-रविवार घरात बसणं दोघांनाही जमत नाही. पहिली दोन वर्षं आमची सगळी भिस्त विमानावर होती. रोम, लिस्बन, बार्सिलोना. तीन महिने आधी तिकीट काढायचं, शुक्रवारी ऑफिसातून परस्पर विमानतळ गाठायचा, रविवारी मध्यरात्री घरात पाऊल टाकायचं. बघायचं ते बघून व्हायचं, पण सोमवारी अंगात त्राण नसायचं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारं महिन्याचं प्रवासाचं तिकीट, घेतलं आणि आमचं फिरणंच बदललं. इथे नवीन आलेले मित्र सारखे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ मे २०२३ ला हे तिकीट सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो पडायचे. जानेवारी २०२५ पासून ५८ झाले, आणि जानेवारी २०२६ पासून ६३. तिकीट ज्याच्या नावावर त्याचंच. जोडप्याला वेगळी सवलत नाही. म्हणजे आमचे दोघांचे महिन्याला १२६ युरो. त्यात जर्मनीतल्या शहरांमधल्या बस, ट्राम, यू-बान (भुयारी रेल्वे), एस-बान (उपनगरी रेल्वे) आणि प्रादेशिक गाड्या येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. गाडीच्या नंबराआधी आरई, आरबी किंवा एस दिसलं की बिनधास्त चढायचं. रोजचा ऑफिसचा प्रवास यातच भागतो, त्यामुळे आमच्या हिशेबात सहली जवळजवळ फुकट पडतात.

पण मला हे तिकीट आवडतं ते पैशांपेक्षा दुसऱ्याच कारणासाठी. मागच्या मे महिन्यात आम्ही साल्झबुर्गला निघालो होतो. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत हे तिकीट चालतं. दर तासाला गाडी, पावणेदोन-दोन तासांचा प्रवास. वाटेतलं रोझेनहाइम स्टेशन गेलं आणि नवऱ्याने हवामान पाहिलं, तर साल्झबुर्गला दिवसभर पाऊस. प्रीनला गाडी थांबली तेव्हा फलाटावर लख्ख ऊन पडलेलं. तो म्हणाला, "उतरायचं?" मी पिशवी उचलली. पाचव्या मिनिटाला आम्ही कीमजे तळ्याच्या धक्क्याकडे चालत होतो. बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागलं. फ्राउएनइन्झेल या चिमुकल्या बेटावर गेलो. तिथे मोटारी नाहीत, इसवी सन ७८२ मध्ये स्थापन झालेला जोगिणींचा मठ आहे, आणि पायी फिरलं तर अर्ध्या तासाच्या आत बेटाला फेरी होते. एका कोळ्याच्या घरासमोर धुरावलेला मासा पावात घालून देत होते. तो घेऊन पाण्यात पाय सोडून बसलो. साल्झबुर्गचं तिकीट वाया गेलं, अशी चुटपुट मनात नव्हती. विमानाचं तिकीट खिशात असताना असा बेत बदलता आलाच नसता.

पासाऊही याच तिकिटावर पाहिलं, अडीच तासांच्या आत. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. अगदी टोकाला जाऊन उभं राहा. आल्प्समधून येणारी इन फिकट, दुधाळ हिरवी. दलदलीतून येणारी इल्झ कोऱ्या चहासारखी काळी. आणि मध्ये डॅन्यूब. तिन्ही पाणी बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत, नुसती शेजारून वाहतात. आम्ही तासभर तिथून हललो नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. काही गाड्या वाटेत दुभंगतात. टेगर्नझे तळ्याला जाताना होल्झकिर्शेनला पहिल्यांदा आणि शाफ्टलाखला पुन्हा एकदा गाडी तुटते, प्रत्येक भाग वेगळ्या गावाला जातो. आम्ही चुकीच्या डब्यात बसलो आणि थेट बायरिशझेलला पोचलो. गाव सुंदर निघालं, पण तळं राहिलं. चढताना डब्यावरची पाटी वाचा, आतला स्क्रीनही बघा.

दुसरं, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ ठेवा. दोन्ही देश शेंगेनमध्ये (एरवी सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) असले तरी ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासून तपासणी ठेवली आहे. साल्झबुर्गहून परतताना सीमेवरच्या फ्रायलासिंग स्टेशनला पोलीस डब्यात चढतात आणि कागद मागतात. फोनमधला फोटो पुरेसा धरू नका.

फोनवरून आठवलं. एकदा तपासनीस आली आणि माझा फोन बंद पडलेला. तिकीट दाखवता आलं नाही तर ६० युरो दंड लागू शकतो. बाई भली होती. पॉवर बँक लावून क्यूआर कोड उघडेपर्यंत शेजारी थांबली. तेव्हापासून शुक्रवारी रात्री दोन्ही फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावल्याशिवाय मी झोपत नाही.

गर्दी हा खरा त्रास आहे. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी आठ-नऊच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते. साल्झबुर्गच्या गाडीत म्युनिकच्या मुख्य स्टेशनलाच चढा. ओस्टबानहोफला (म्युनिकच्या पूर्वेकडच्या स्टेशनला) येईपर्यंत जागा संपलेल्या असतात. गाडी उशिरा येणं, कधी रद्दच होणं हेही होतं, त्यामुळे रविवारी परतताना शेवटच्या गाडीवर विसंबू नका. आम्ही निदान दोन गाड्या हाताशी ठेवून निघतो.

हे तिकीट मासिक वर्गणीचं आहे. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. तुमच्या कंपनीत जॉबटिकेट, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीत मिळणारं हेच तिकीट, मिळतं का ते आधी विचारा. कंपनीने निदान चौथा हिस्सा उचलला की वर आणखी ५ टक्के सूट मिळते. आणि ऑफिस घराजवळ असेल, महिन्यातून एखादीच सहल होत असेल, तर हे घेऊ नका. दोघांमध्ये एक बायर्नटिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्यात चालणारं एका दिवसाचं तिकीट, काढा. तेही साल्झबुर्गपर्यंत चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून लागू होतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच वापरता येतं.

येत्या शनिवारी कुफश्टाइनचा विचार आहे. तेही ऑस्ट्रियातलं, तिथपर्यंतही हेच तिकीट चालतं. किल्ल्यावर चढायचं म्हणतोय. बाकी सकाळी आभाळ कसं दिसतं त्यावर.