'पीटर गन'ची रेकॉर्ड : नऊ महिन्यांनंतर

मार्चमध्ये अमेरिकन संगीतकार हेन्री मॅन्सिनीच्या 'द म्युझिक फ्रॉम पीटर गन'ची, म्हणजे एका जुन्या टीव्ही मालिकेच्या संगीताची, नव्याने छापलेली रेकॉर्ड मागवली. आता डिसेंबर उजाडलाय. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि तेही भलत्याच धुनेचं.

आधी तक्रार. पहिली प्रत आली ती तळलेल्या पापडासारखी वाकलेली. रेकॉर्ड फिरायला लागली की सुई होडीसारखी वरखाली, आणि दर पावणेदोन सेकंदांनी सॅक्सोफोनचा सूर किंचित ढळायचा. विक्रेत्याला तीन मेल, दोन फोटो आणि सुई डोलतानाचा एक व्हिडिओ पाठवला, तेव्हा कुठे दुसरी प्रत मिळाली. ती सपाट आहे.

'पीटर गन' ही अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर 1958 साली सुरू झालेली खासगी गुप्तहेराची मालिका. संगीतकार नेमला गेला तो केशकर्तनालयात! युनिव्हर्सल स्टुडिओतली मॅन्सिनीची नोकरी नुकतीच गेली होती. तरी स्टुडिओच्या आवारातल्या न्हाव्याकडे जाण्याची सोय अजून शाबूत होती. केस कापून बाहेर पडताना दारातच मालिकेचा कर्ता ब्लेक एडवर्ड्‌स भेटला आणि त्याने विचारलं, एक मालिका करतोयस का? पुढे या रेकॉर्डला पहिल्यावहिल्या ग्रॅमी सोहळ्यात, 1959 मध्ये, 'अल्बम ऑफ द इयर'चा मान मिळाला.

शीर्षकधून तुम्ही ऐकलेली असणारच, मालिका पाहिलेली नसली तरी. खाली गिटार आणि पियानो एकच छोटी ओळ घट्ट धरून बसतात, ती शेवटपर्यंत सोडत नाहीत. तबल्याच्या सोलोला संवादिनीवर लेहरा धरतात ना, तसंच. लेहरा हलत नाही म्हणून वरच्याला हवं ते करता येतं. इथे वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले अंगावर येतात. पियानोवर तरुण जॉन विल्यम्स आहे. हो, पुढे 'जॉज' आणि 'स्टार वॉर्स' करणारा तोच. गंमत म्हणजे ही धून जॅझपेक्षा रॉक अँड रोलच्या जवळची आहे, असं खुद्द मॅन्सिनीनेच लिहून ठेवलंय.

पहिला महिना मी हीच लावली. जेमतेम दोन मिनिटांची, संपली की पुन्हा सुई उचलून सुरुवातीला. तिसऱ्या महिन्यात मात्र ती ओलांडून सुई थेट दुसऱ्या धुनेवर ठेवायला लागले. तिच्यात जे आहे ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. उरलेला वेळ तेच जरा मोठ्याने.

टिकलं ते बाकीचं. मी रात्री भाषांतराचं काम करते, त्यामुळे आवाज बारीक ठेवावा लागतो, आणि या रेकॉर्डमधल्या संथ धुना बारीक आवाजातच खुलतात. 'ड्रीम्सव्हिल'मध्ये टेड नॅशचा आल्टो सॅक्सोफोन येतो तो कुणाला उठवायचं नाही अशा बेताने. मालिकेत गुप्तहेराचा अड्डा म्हणजे 'मदर्स' नावाचा क्लब. बँड तिथेच, गोष्टीच्या आत वाजत असतो. त्यामुळे 'आता घाबरा' असं संगीताने सांगायची गरज उरत नाही. कुणाची तरी वाट पाहत टेबलाशी बसलेल्या माणसाच्या मागे ते वाजत राहतं. मला पकडलं ते या वाट पाहण्याने, पिस्तुलाने नव्हे.

दुसऱ्या बाजूची 'फॉलआउट!' मात्र रात्री साडेअकरानंतर लावू नका. ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा, उसळला की खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो. एकदा आला.

नऊ महिन्यांत एक गैरसमजही गळून पडला. जुना कृष्णधवल गुन्हेपट म्हटला की पावसातला रस्ता आणि रडवेला सॅक्सोफोन, असं मी धरूनच चालले होते. प्रत्यक्षात 1940 च्या दशकातले चित्रपट पुन्हा पाहिले तर तिथे बहुतेक भरगच्च ऑर्केस्ट्राच. 'डबल इन्डेम्निटी' (1944) घ्या, मिक्लोश रोझाचं संगीत, सॅक्सोफोनचं नाव नको. जॅझने पार्श्वसंगीतात बस्तान बसवलं ते 1950 च्या दशकात. 1955 च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'मध्ये एल्मर बर्नस्टाइनने ते व्यसनी माणसाच्या गोष्टीला लावलं, आणि मग जॅझ वाजलं की कुणीतरी घसरणार, असा शिरस्ताच पडला. हे मला खटकतं. कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत घ्यायचं, त्याचा अर्थ दारू, जुगार, बदफैली असा लावायचा, आणि पडद्यावर क्लबात ऐटीत बसणारा नायक गोराच. म्हणून 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' (1959) पाहताना बरं वाटलं. संगीत ड्यूक एलिंग्टनचं, आणि एका प्रसंगात तो स्वतः जेम्स स्ट्युअर्टच्या शेजारी पियानोवर बसलेला.

जूनमध्ये याच नादात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची सीडी घेतली, दिग्दर्शक लुई मालच्या 'लिफ्ट टू द स्कॅफोल्ड' या फ्रेंच चित्रपटाच्या संगीताची. डिसेंबर 1957, पॅरिस, रात्रीचं ध्वनिमुद्रण. पडद्यावर चित्रपटाचे तुकडे फिरत होते आणि माइल्स, बार्नी विलेन, रने उर्त्रजे, पिएर मिशलो आणि केनी क्लार्क हे पाचजण ते बघत वाजवत होते. हाताशी स्वरमेळांची जुजबी टिपणं तेवढी. खून करून निघालेला प्रियकर लिफ्टमध्ये अडकलाय, आणि तो का आला नाही हे माहीत नसलेली नायिका झान मोरो रात्रभर रस्त्यांवर हिंडतेय. छायालेखक आन्री दकाएने तिच्यावर वेगळे दिवे टाकले नाहीत. दुकानांच्या काचांमधून येईल तेवढाच उजेड चेहऱ्यावर. ट्रम्पेट तिच्यासोबत चालतो, पण प्रियकर कुठे आहे हे ट्रम्पेटलाही ठाऊक नसावं असं वाटतं. सीडीवर प्रतिध्वनी न चढवलेली मूळ मुद्रणंही आहेत. मला तीच कोरडी आवडतात. तोंडाशी वाजल्यासारखी.

कामाच्या वेळी मात्र ही सीडी निरुपयोगी. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पान तसंच राहिलं.

आईने एकदा स्वयंपाकघरातून विचारलं, "देव आनंदचा सिनेमा लावलायस का गं?" हसले, पण ती फारशी चुकली नव्हती. 'पीटर गन'च्या आधीच, 1956 मध्ये, मुंबईत त्याचा 'सी.आय.डी.' येऊन गेला होता. तेव्हा रात्री हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसायचे. सेबॅस्टियन डिसोझा ओ. पी. नय्यर यांच्या चालींना वाद्यमेळ बांधून देत. चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांकडे ट्रम्पेट वाजवत. श्रेयनामावलीत बहुतेकांची नावं नसायची. आईला गाणं आठवतं, वाजवणारा नाही. मलाही या रेकॉर्डमुळेच ती नावं शोधावीशी वाटली.

घ्यावी का? संथ धुनांसाठी घ्या. फक्त शीर्षकधून हवी असेल तर फोनवर ऐका, पैसे वाचतील. रेकॉर्ड घेतलीत तर आल्या आल्या सपाट जागेवर ठेवून, डोळे तिच्या पातळीला आणून कडा बघा, आणि नंतर मात्र उभीच ठेवा.

माझ्या प्रतीवर पहिल्या धुनेच्या पट्ट्यात चरचर सुरू झालीय, पहिल्या महिन्याच्या हावरटपणाची. बाकीची बाजू एप्रिलपर्यंत स्वच्छ होती. आता 'ड्रीम्सव्हिल'च्या सुरुवातीलाही बारीक टिकटिक ऐकू येते.