गियरची सायकल, सहा महिन्यांनंतर: सगळ्यात जास्त वापरलं ते स्टँड

दिवाळीच्या बोनसमधून सायकल घेतली त्याला आता सहा महिने झाले, मीटरवर १,९०० च्या वर किलोमीटर पडलेत, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या आठवड्याभरात लिहिलेले रिव्ह्यू मीपण भरपूर वाचले होते आणि त्यातून "राइड स्मूथ आहे, पैसे वसूल" यापलीकडं काही कळलं नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या किमतीत चारपाच कंपन्यांच्या सायकली बघितल्या आणि रंग सोडला तर सगळ्या सारख्याच वाटल्या. लोखंडी फ्रेम, मागं ७ गियर, पुढं एकच चकती, ७०० बाय ३८ चे टायर, व्ही ब्रेक, शॉकअप नाही. साडेसतरा हजार पडले, त्यात कॅरियर, मडगार्ड आणि घंटी वेगळी लावून घेतली. दुकानातला पोरगा स्टँड काढायलाच निघाला होता, म्हणे काका, वजन वाढतंय, प्रोफेशनल लोकं लावत नाहीत. मी म्हटलं बाबा मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, वय ४७, मला कुठली प्रोफेशनल रेस मारायचीय, राहू दे ते.

आणि आज मला कोणी विचारलं की सायकलीत काय चांगलंय, तर मी पहिल्यांदा स्टँडबद्दल बोलतो, लोकांना ती गंमत वाटते. पण खरंच सांगतो, माझ्या तीन तासांच्या फेरीत सायकल चालते दोन तास आणि उभी असते एक तास. हिप्परग्याच्या तलावावर पाहुणी बदकं बघायला, कुठंतरी पळस फुललाय म्हणून, कुणी हुरड्याला हाक मारली म्हणून, चहाला, आणि फेब्रुवारीपर्यंत तर पंक्चर काढायला. ज्यांना ॲव्हरेज स्पीड बघायचाय त्यांनी हा रिव्ह्यू इथंच सोडला तरी चालेल, माझा ताशी १३-१४ च्या वर कधी गेला नाही.

स्टँडची एकच भानगड, पाय बारीक. डांबरावर ठीक, पण शेताच्या कडेला पाणी दिलेलं असलं की हळूहळू रुततो आणि आपण फोटो काढत असताना मागं धाडकन आवाज येतो. दोनदा पडली, एकदा गियरच्या बाजूनं पडून मागचा डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवतो तो भाग) आत वाकला, चेन स्पोकला घासायला लागली. तेव्हापासून हिंगाच्या रिकाम्या डबीचं झाकण दोरीनं कॅरियरला बांधून ठेवलंय, थांबलो की ते खाली टाकायचं आणि त्यावर स्टँड. एक रुपया खर्च नाही. सायकलीला बारीकसा हिंगाचा वास येतो एवढंच, बायको म्हणते फोडणी घालून आलात का.

आता रस्त्यांचं. सोलापूरच्या बाहेर पडेपर्यंतचे पहिले पाचसहा किलोमीटर कुठल्याही दिशेला वैतागच आहे, हायवे, सर्व्हिस रोड, उलट्या बाजूनं येणाऱ्या गाड्या. खरी मजा फाटा सोडून आत गेल्यावर. बार्शी रोडवरून मार्डी-नान्नजच्या बाजूला आत शिरलं की गावागावांना जोडणारे एकपदरी रस्ते आहेत, अर्धे डांबरी, अर्धे खडी उघडी पडलेले, आणि मधेच एखादी पाणंद जी कुणाच्यातरी वस्तीवर जाऊन संपते. मग वस्तीवरची माणसं विचारतात कुणाकडं आलाव, आणि "कुणाकडंच नाही, सहज" हे उत्तर त्यांना काही पटत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत हा भाग म्हणजे नुसती मालदांडी ज्वारी. दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ताटं, मधनं आपण चाललोय, पहाटे स्वेटर लागतो आणि नऊला तोच स्वेटर कमरेला बांधलेला असतो. मग ज्वारी निघते. आमच्याकडं ती बरेच जण कापत नाहीत, मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधून बुचाडं लावतात, आणि जो रस्ता गल्लीसारखा वाटायचा तो एका आठवड्यात उघडा माळ होतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चक्क रस्ता चुकलो, कारण वळण लक्षात ठेवलं होतं ते एका ज्वारीच्या रानावरून.

नान्नजला माळढोक अभयारण्य आहे हे सगळ्यांना माहितीय, माळढोक मला दिसला नाही, दिसेल अशी अपेक्षाही नव्हती, आता उरलेच आहेत कुठं. पण काळवीट हमखास. फेब्रुवारीत एकदा पंधरावीसचा कळप रस्त्याच्या पलीकडं उभा होता. मी सायकल लावली, झाकण टाकलं, सगळं हळू. मोटारसायकलच्या आवाजानं ते पळतात, सायकलीला मात्र बघत उभे राहतात, जणू हे काय आता नवीन. मग एक मादी उडाली, तिच्यामागं सगळे ओळीनं, आणि शेवटचा काळा नर उगाच सगळ्यांच्यात उंच. एवढ्यासाठी साडेसतरा हजार गेले असते तरी चाललं असतं. (रस्ता सोडून माळावर सायकल घालू नका, एवढं पाळा.)

पंक्चर हा विषय वेगळा. पहिल्या तीन महिन्यांत ११. अकरा! बाभळीचा काटा समजू शकतो, दिसतो तरी, पण सराटा म्हणजे डोकेदुखी, कसाही पडला तरी एक टोक वर. सायकल ढकलत रस्त्याच्या कडेला घेतली की टायरला चारपाच चिकटलेले असतात, आणि उपटून काढला की फुस्स. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाचा आहेत, लहानपणी त्यांच्याच वडिलांच्या दुकानातून तासावर भाड्यानं सायकल आणायचो. ते म्हणाले एवढ्या वेळा येण्यापेक्षा मी सांगतो ते कर. जुन्या ट्यूबची उभी पट्टी कापून टायर आणि ट्यूबच्या मधे गोल फिरवून घातली, कडा घासून पातळ केल्या म्हणजे ट्यूबला टोचत नाहीत. चाक थोडं जड झालं. पण त्यानंतर आजपर्यंत दोनच पंक्चर, त्यातलं एक खिळ्याचं. दुकानवाला मला त्याच कामासाठी भारीतलं सीलंट घ्या म्हणत होता, त्याची गरजच पडली नाही.

हवेचंपण सांगतो. दुकानात दगडासारखी टणक भरून दिली होती, म्हणे फास्ट पळते. पळते, पण उघड्या खडीवर हाताला मुंग्या येतात आणि शॉकअप नसल्याची आठवण दर मीटरला होते. टायरवर कमीतकमी-जास्तीतजास्त लिहिलेलं असतं ते बघा, माझ्यावर ५० ते ७५ पीएसआय आहे, मी पुढं ५० आणि मागं ५५-६० ठेवतो. शॉकअपवाली घेऊ का असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं, या किमतीतला शॉकअप म्हणजे नुसता वजनदार स्प्रिंग, त्यापेक्षा जाड टायर घ्या.

गियर सात, वापरात तीन. आपला भाग सपाट आहे असं बाहेरची लोकं म्हणतात, वाऱ्यात चालवून बघा म्हणावं. फाल्गुनात वावधान सुटलं की सगळा हिशेब बदलतो. मार्चमधे एका रविवारी हत्तरसंग कुडलला गेलो होतो, भीमा आणि सीनेचा संगम, जाऊन-येऊन ८० च्या आसपास पडतात, माझी आजवरची सगळ्यात लांब फेरी. विजापूर रोडनं जाताना पहाटे वारं पडलेलं, मस्त गेलो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर होती, संगमावर बसून खाल्ली. (हँडलच्या पिशवीत न्यायला याच्याइतकं सोपं खाणं नाही, सांडत नाही, नासत नाही, खड्ड्यात आपटून तुकडे झाले तरी तुकडेच करून खायचेत.) तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतला सगळ्यात जुन्यांपैकी एक, त्यात शेवटी म्हटलंय की जो हे वाचेल तो विजयी होईल. मी अक्षरावर बोट फिरवत फिरवत वाचायचा प्रयत्न केला, फारसं जमलं नाही. अकराला परत निघालो आणि वारं तोंडावर. सातातला सगळ्यात हलका गियर टाकूनसुद्धा ताशी ८, मधेच एक वावटळ रस्ता ओलांडून गेली, तोंडात माती, बाटलीतलं पाणी गरम. मंद्रूपच्या अलीकडं लिंबाखाली सायकल लावून आडवा झालो तेव्हा लक्षात आलं, हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं बरोबर लिहिलंय, आज जो वाचेल तो विजयीच.

तर वारा आणि ऊन धरून चालायचं. पावसाचं मी धरलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कशाला कोण रेनकोट घेईल.

पाडव्यानंतरचा रविवार. सकाळी घरी काम निघालं म्हणून दुपारी चारला बाहेर पडलो, हीच चूक, कारण अवकाळी आला तर दुपारनंतरच येतो हे लहान पोरालापण माहितीय. मार्डीच्या शिवारात एका पाणंदीला होतो. ऊन एवढं की डांबर सोडून मातीचा रस्ता बरा वाटला. पश्चिमेला आभाळ निळंकाळं झालं, वारं एकदम थांबलं, आंब्याचं पानसुद्धा हलेना. आणि मग गार झुळूक, तिच्यामागं धुळीचा लोट, टप टप मोठे थेंब, पाच मिनिटांत हरभऱ्याएवढ्या गारा. हेल्मेटवर फुटाणे भाजल्यासारखा आवाज.

पाऊस चाललाच असेल वीसेक मिनिटं. पण काळ्या रानातली माती, तिला दहापण पुरतात. चाक दोन वेढे फिरलं, टायरला मातीचा थर, तिसऱ्या वेढ्याला मडगार्डच्या आत गच्च, चाक जाम. ढकलून सरकेना. मी काडीनं माती काढतोय, चार पावलं जातोय, परत जाम. शेवटी उचलून खांद्यावर घेतली, तर सायकल पंधरा किलो आणि माती वेगळी, चप्पलेला अजून दोन दोन किलो.

तेवढ्यात वस्तीवरनं हाक आली, "ओ पाव्हणं, टाका ती सायकल तिथंच, हिकडं या, हे टोक धरा!" खळ्यावर ज्वारीची कणसं पडलेली, मळणीला मशीन दुसऱ्या दिवशी येणार होतं, आणि नवराबायको दोघंच ताडपत्रीशी झटत होते, वारं एक कोपरा दाबला की दुसरा उचलत होतं. मी एका टोकावर अक्षरशः बसलो. बाई पलीकडनं दगड आणून ठेवत होत्या, बोलत कोणीच नव्हतं. पाऊस ओसरल्यावर त्यांनी ताडपत्रीची एक कड उचलून आत हात घातला, मूठभर कणसं बाहेर काढून हुंगली आणि म्हणाले, "वाचली." शेजारच्या वस्तीवर बेदाण्याचं शेड होतं, तिकडं बघत ते मुकाट्यानं उभे राहिले, तिथलं काय झालं ते मी विचारलं नाही.

मग चहा झाला. त्यांनी खुरप्यानं माझं चाक साफ करून दिलं, मी नको नको म्हणत असताना, आणि मडगार्डकडं बघून म्हणाले, "हे काढून टाका की ओ, बैलगाडीला असतंय का?" काढलं नाही, कारण डांबरावरच्या पाण्यात त्याच्याशिवाय पाठीवर नक्षी उमटते. पण चाचांकडून मडगार्ड आणि टायरच्या मधे नीट दोन बोटं जातील एवढं वर उचलून घेतलं, लांब बोल्ट आणि वायसर टाकून. हे दुकानातच करून घ्या, फिटिंगला एक बोटसुद्धा जागा सोडत नाहीत. त्या दिवसानंतर ब्रेकपण आठवडाभर किंचाळत होते, मातीचे कण पॅडमधे रुतून बसले होते, पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले तेव्हा गप्प झाले.

चेनला सुरुवातीला मी घरातलं मशीनचं तेल भरभरून घालत होतो, त्याला शिवारातली धूळ बसून काळं लोणी झालं, पँटची एक बाजू कायमची गेली. आता थेंब थेंब घालतो, मग जुन्या टॉवेलनं पुसून घेतो. टॉवेलची आमच्याकडं काय कमी.

बाकी किरकोळ तक्रारी. सीट कंपनीची होती ती दोन आठवड्यांत बदलली. मागचा एक स्पोक तुटला, कॅरियरवर पाच किलो द्राक्षं बांधून आणली होती, त्यामुळं दोष कुणाला द्यायचा. घंटी उत्तम, फक्त उसाच्या ट्रॅक्टरपुढं काही उपयोग नाही, दोन ट्रॉल्या आणि फुल आवाजात गाणी, त्यांना रस्ता सोडून खाली उतरायचं हेच खरं. कुत्र्यांना घाबरून जोरात मारू नका, उतरा, सायकल मधे धरा, चालत जा, तीपण बोअर होऊन परत जातात. पोरं हमखास मागं पळतात, "गेर हाय का ओ त्याला?", त्यांना एक चक्कर द्यायची.

आता ऊन ४० च्या पुढं गेलंय, साडेपाचला निघून आठला घरात, त्यामुळं फेऱ्या पंधरावीस किलोमीटरच्याच. जूनच्या आधी मागचा टायर बदलायचाय, मधली नक्षी सपाट झालीये. चाचा म्हणतात ३८ च्या जागी ४२ चा जाड टायर बसेल, मला शंका आहे मडगार्ड ठेवून बसेल का, दोन बोटांतलं एक बोट परत जाईल. पावसाळ्यात काळ्या रानातून चालवणारं कुणी इथं असेल आणि ४२ लावून बघितला असेल तर जरा सांगा, घासतो का माती काढायला जागा राहते.