गार्सिनियाच्या फॅट बर्नर कॅप्सूल: तीन महिन्यांचा अनुभव (जळगाव)

पोट कमी करायला म्हणून यंदा मी जळगावच्या एका सप्लिमेंटच्या दुकानातून गार्सिनियाच्या कॅप्सूल घेतल्या, ६० ची बाटली १,३५० रुपयांना, आणि दुकानदार म्हणे ताई तीन महिन्यांचा कोर्स केला तरच फरक दिसतो, म्हणून एकदम तीन बाटल्या उचलल्या. स्टार एकच देतेय, आणि तोही बाटलीसोबत आलेल्या कागदासाठी.

पहिला महिना सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास एकेक कॅप्सूल न चुकता घेतली, बाकी जेवण नेहमीचंच. कंबर ९६ सेंटीमीटर होती ती ९६च राहिली, वर छातीत जळजळ सुरू झाली. दुकानात जाऊन विचारलं तर तो म्हणे, चार्ट पाळला का? खोक्यात घडी घालून डाएट चार्ट ठेवलेला होता, मी उघडलाच नव्हता. तळलेलं बंद, तेल मोजून, दोन्ही वेळच्या जेवणात डाळ नाहीतर उसळ, रोज ४५ मिनिटं भरभर चालणं.

दुसऱ्या महिन्यात कॅप्सूल आणि चार्ट दोन्ही केलं, कंबर ९३ वर आली आणि घरात सगळे म्हणाले बघ, गोळी लागू पडली. पण जळजळ काही थांबेना, म्हणून तिसऱ्या महिन्यात कॅप्सूल सोडल्या आणि चार्ट चालू ठेवला. कंबर ९१!

मग शोधून वाचलं. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड, त्याच्या फळाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं. जास्तीच्या साखरेची चरबी करायला शरीर जे एन्झाइम वापरतं त्याला हे ॲसिड अडवतं, असं सांगतात. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर १२ आठवडे याची नीट तपासणी झाली, काहींना रोज १,५०० मिलीग्रॅम हे ॲसिड आणि काहींना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल, जेवण मात्र दोन्हीकडे कमी कॅलरीचं आणि भरपूर फायबरचं. खरी कॅप्सूलवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, खोटीवाल्यांचं ४.१! म्हणजे उतरलं दोघांचंही, आणि ते जेवणानं. माझ्या घरात तेच झालं होतं.

चार्टमधली सगळ्यात अवघड ओळ तेलाची. आमच्याकडे शेवभाजी म्हणजे वर बोटभर लाल तर्री हवीच. मोठा एक चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि मी पहिल्यांदा चमच्यानं मोजून बघितलं तर पाच जणांच्या भाजीत पंधरा चमचे जात होते, म्हणजे माणशी तीन. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या म्हणाल्या "तर्री नही ते शेवभाजी कसानी?" त्यांचं मन मोडवत नाही म्हणून फोडणी पाच चमच्यांची करते आणि त्यांच्या वाटीत वेगळी तर्री घालते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तशीच चालू आहे, उडीद असल्यामुळे पोट धरून ठेवते. चालायला पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर, कारण मे महिन्यात नऊनंतर इथं बाहेर पाय ठेववत नाही.

अजून एक, वजनकाट्यापेक्षा टेप वापरा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात २००४ ला दोघांचा फोटोच छापून आला होता. आपल्याकडे बारीक माणसाच्याही पोटात चरबी साठते, म्हणून बायकांची कंबर ८० च्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी असं सांगतात. मला अजून ११ सेंटीमीटर उतरायचंय.

आणि कृपा करून कोणाच्या सांगण्यावरून या कॅप्सूल सुरू करू नका, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, शुगरच्या किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना बाटली दाखवा.

तिसरी बाटली सीलबंद होती तरी दुकानदारानं परत घेतली नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पडून आहे तर मला द्या. त्यांना मी चार्टची झेरॉक्स काढून दिली, आणि आता पहाटे तलावावर आम्ही दोघी जातो.