फर्स्ट एडच्या पिशवीतलं फुकटचं कार्ड: सीआरटी-६

कोल्हापुरात मॅचमध्ये डोकं आपटलं की उपचार ठरलेले. तोंडावर पाणी, मानेवर स्प्रे, बाहेरून “काय न्हाई झालं, ऊठ” आणि पोरगं उभं राहिलं की टाळ्या. मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा फुटबॉल संघ सांभाळते. फिजिओ परवडत नाही, मॅचला डॉक्टर असतीलच असंही नाही. आमच्यासारख्यांसाठीच ‘कन्कशन रेकग्निशन टूल ६’, म्हणजे सीआरटी-६, हे कार्ड आहे. कन्कशन म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला झालेली इजा, ती झाली असेल का हे ओळखायला. २०२२ साली ॲमस्टरडॅमला झालेल्या परिषदेतून ते निघालं, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं, नेटवर फुकट मिळतं. मी प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतलं, खर्च तेवढाच.

मला त्याचा क्रम आवडला. आधी धोक्याच्या खुणा: मान दुखणं, झटके, एकाचे दोन दिसणं, पुन्हा पुन्हा उलटी, हातापायांतली ताकद जाणं, वाढत जाणारी डोकेदुखी, शुद्ध हरपणं. एक जरी दिसली तरी थेट ॲम्ब्युलन्स, आणि चौघींनी हातपाय धरून उचलायचं नाही, कारण मानेला मार असू शकतो. मग बाहेरून दिसणाऱ्या खुणा, मग तिला स्वतःला काय होतंय ते, आणि मग प्रश्न. कुठल्या ग्राउंडवर आहोत, कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कुणी केला, मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का.

प्रश्न पोरखेळ वाटतात. गेल्या हंगामात आमची कीपर कॉर्नरवर उडी मारताना समोरच्या स्टॉपरच्या डोक्याला धडकली. उठली, ग्लोव्हज झटकले, “ओके मॅडम.” ग्राउंड बरोबर सांगितलं, हाफही बरोबर. शेवटचा गोल? “झाला का गोल?” म्हणाली. तो तिनंच खाल्ला होता, थोड्या वेळापूर्वी. वडील जाळीपलीकडून ओरडत होते, “शुद्धीत हाय की ती, खेळू दे!” त्यांना कार्ड दाखवलं. मॅडमच्या शब्दापेक्षा छापील कागदाला मान जास्त, हे काही मला नवीन नाही. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही, हे त्यांना नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

२०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकप फायनलमध्ये डोक्याला धडक बसल्यावर जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरनं रेफरीलाच विचारलं होतं, ही फायनलच ना? तरी धडकेनंतर पाव तास तो मैदानातच होता. तिथं तर डॉक्टर हजर होते.

आता कुरकुर. अक्षर बारीक, पावसाळी उजेडात वाचवत नाही. मला मिळालं ते इंग्रजीत, म्हणून मागच्या बाजूला मी मराठीत लिहून चिकटवलंय. मागच्या मॅचचा प्रश्न आमच्या पोरींना निरुपयोगी, महिना महिना मॅच नसते. वय आणि खेळ बघून प्रश्न बदलायची मुभा कार्डच देतं, म्हणून मी डब्यात काय होतं ते विचारते, पण उत्तर पडताळायला डबा कुणी भरला ते आधी माहीत हवं.

काही कोच स्कॅट-६, म्हणजे कन्कशनची सविस्तर तपासणी, डाउनलोड करून बसतात. ते डॉक्टर-फिजिओंचं काम, नीट करायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. सीआरटी निदान करत नाही, करायचंही नाही. संशय आला की बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, एकटीला घरी धाडायचं नाही, डॉक्टरांकडं न्यायचं. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून कन्कशन नाही असं होत नाही. स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो.

पालक हमखास विचारतात, त्यापेक्षा हेडगिअर, म्हणजे डोक्याला घालायचं फोमचं कवच, घेऊ का? गोलकीपर पेटर चेक घालायचा तसलं. त्याची २००६ मध्ये कवटी फुटली होती, म्हणून त्यानं ते घालायचं कारण वेगळं. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला: हेडगिअर घालणाऱ्यांत कन्कशन कमी झालं नाही. खोक पडणं वाचेल, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका फोमनं थांबत नाही. ते पैसे बुटांना घाला.

पाचपैकी चार तारे. एक कापला कारण खेळात परतायचं वेळापत्रक यात नाही, ते वेगळं शोधावं लागतं: पहिले एक-दोन दिवस बेताचा आराम, मोबाईल कमी, मग सहा पायऱ्या. चालणं, धावणं, बॉलसोबत सराव असं चढत जायचं, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. धक्काबुक्कीचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. शाळेचा अभ्यास त्याआधी सुरळीत व्हायला हवा. आमच्या कीपरला हे सगळं संपेस्तोवर सेमीफायनल होऊन गेली. दुसरी कीपर उभी केली, तीन गोल खाल्ले, हरलो.